जर्मनीत बाळ झालं, पण आमच्याच कागदांवर 'ज्ञ' आडवा आला

चंदगडचा_जावई
६ डिसेंबर २०२५, रात्री ११:४०

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. मी खानापूर तालुक्यातल्या खेड्यातला, बायको चंदगडची. लग्न तिच्या गावात झालं आणि नोंदही तिथल्याच ग्रामपंचायतीत केली. नोकरीनिमित्त साडेतीन वर्षांपासून जर्मनीत, बव्हेरियात आहे, ब्लू कार्ड या नोकरीच्या परवान्यावर. १९ फेब्रुवारीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी ठणठणीत. आजारी पडलेत ते कागद.

इथं जन्माचा दाखला काढायचा तर आईबाप दोघांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला लागतो, तोही जर्मन भाषांतरासह. माझा दाखला कन्नड-इंग्रजी, बायकोचा मराठी-इंग्रजी, लग्नाचा निव्वळ मराठी. वडिलांचं नाव ज्ञानेश्वर. माझ्या पासपोर्टवर ते डी-एन-वाय-ए असं सुरू होतं, जन्मदाखल्यावर जे-एन-ए-एन असं. त्यात माझं जन्मस्थळ पासपोर्टवर 'बेलगाम', जन्मदाखल्यावर 'बेळगावी', आणि लग्नाच्या दाखल्याच्या भाषांतरात 'बेळगाव'. खिडकीपलीकडच्या बाईंनी तिन्ही कागद ओळीनं मांडले, पेन्सिलीनं तीन गोल केले आणि शांतपणे विचारलं, "ही तीन गावं एकमेकांपासून किती लांब आहेत?"

हसू नका. त्या दिवशी दाखल्याऐवजी नोंदवहीचा उतारा हातात पडला, आणि त्यावर शेरा: आईवडिलांची ओळख पुरेशी सिद्ध झालेली नाही. बायको ट्राममध्ये रडली.

आता पोरीला साडेनऊ महिने झालेत. 'पक्का दाखला आला की सगळं एकदम करू' म्हणून मी बाकीचं काहीच केलेलं नाही. पासपोर्ट नाही, बालभत्त्याचा अर्ज नाही. आम्ही दोघंही भारतीय, त्यामुळे पोर आपोआप भारतीयच ना? जानेवारीत आबांची साठीशांत आहे, तेव्हा तिला घेऊन गावी यायचंय. येता येईल का?

गल्लीतला_बाळू
७ डिसेंबर, सकाळी ७:०५

तीन गावं! त्या बाईंना म्हणावं, अंतर शून्य किलोमीटर, पण कोर्टात सीमावादाची केस २००४ पासून चालू आहे.

कागदवाला_टिळकवाडी
७ डिसेंबर, सकाळी ९:३०

जावईबापू, 'आपोआप' हा शब्द आधी डोक्यातून काढा. नोंदणीच्या कामात माझं आयुष्य गेलं, आणि शिकल्यासवरल्या लोकांचा सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो.

नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्याच्या कलम ४ प्रमाणे ३ डिसेंबर २००४ ला किंवा त्यानंतर परदेशात जन्मलेलं मूल, आईबाप भारतीय असले तरी, त्याचा जन्म तिथल्या भारतीय वकिलातीत नोंदवल्याशिवाय भारतीय नागरिक धरलं जात नाही. मुदत जन्मापासून एक वर्ष. नोंदवताना आईबापांना लिहून द्यावं लागतं की मुलाकडे दुसऱ्या कुठल्या देशाचा पासपोर्ट नाही. वर्ष उलटलं तर दरवाजा बंद होत नाही, पण मग केंद्र सरकारची परवानगी लागते, उशिराचं कारण द्यावं लागतं आणि किती थांबावं लागेल ते तुमच्या हातात राहत नाही.

तुमची मुदत फेब्रुवारीत संपते. म्हणजे हातात दहा आठवडे, त्यात नाताळ. जर्मन शेरा पुसायच्या मागे आत्ता लागू नका. नोंदवहीच्या उताऱ्याला पुरावा म्हणून दाखल्याइतकंच वजन असतं. तो, दोघांचे पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला घेऊन म्युनिकच्या भारतीय कॉन्सुलेटची वेळ घ्या. जन्मनोंद आणि पासपोर्ट, दोन्हीचे अर्ज मागेपुढे करता येतात.

तीन गावांचं उत्तर सोपं आहे. कर्नाटक सरकारनं १ नोव्हेंबर २०१४ पासून बारा शहरांची इंग्रजी नावं बदलली, त्यात आपलं एक. त्या राजपत्राची प्रत भाषांतर करून जोडा. तारीख आपल्या सीमाभागातल्या काळ्या दिनाची आहे, पण कागद उपयोगाचा आहे.

'ज्ञ' मात्र राजपत्रानं सुटणार नाही. त्याबद्दल संध्याकाळी लिहितो, पेन्शनच्या कामाला बँकेत जायचंय.

हॅम्बुर्गची_वहिनी
७ डिसेंबर, दुपारी १:१५

भाऊजी, रागावू नका, पण बालभत्त्यासाठी थांबलात ही घोडचूक केलीत. किंडरगेल्डला तो पक्का दाखला लागतच नाही. बाळाचा कर-क्रमांक लागतो, आणि तो जन्मानंतर पोस्टानं आपसूक घरी येतो. पाकीट न उघडता ड्रॉवरमध्ये पडलं असेल, बघा. ब्लू कार्डवाल्याला हक्क आहे. महिन्याला २५५ युरो, येत्या जानेवारीपासून २५९.

मागची थकबाकी फक्त सहा महिन्यांची देतात. डिसेंबरात अर्ज पोचला तर जूनपासूनचे मिळतील. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे असे चार महिने गेले, म्हणजे १,०२० युरो. आज रात्रीच ऑनलाइन भरा, नाहीतर ३१ तारखेला आणखी एक महिना जाईल.

एल्टर्नगेल्डचं, म्हणजे आईबापांच्या भत्त्याचं, तर त्याहून वाईट, तिथं मागचे तीनच महिने. तुमची बायको नोकरीला नसेल म्हणून तुम्ही विचारच केला नसणार. पण बाळंतपणाआधी कमाई नसली तरी महिना ३०० युरो हा किमान आकडा आहेच. नोकरी असेल तर पगाराच्या साधारण ६५ टक्के, जास्तीत जास्त १,८०० पर्यंत. नोंदणी कचेरीनं उताऱ्याच्या दोन-तीन फुकट प्रती दिल्या असतील, एकीवर 'एल्टर्नगेल्डसाठी' असा शिक्का असतो. तीच जोडायची.

आणि हे पैसे बाळाचं बिऱ्हाड जर्मनीत आहे तोवरच. महिना-दीड महिना गावी जाऊन आलात तर काही नाही. पण 'आजीकडे वर्षभर ठेवू' म्हणालात तर बंद, आणि न कळवता घेतलेले परत मागतात. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला भरावे लागले.

चंदगडचा_जावई
७ डिसेंबर, दुपारी १:५२

वहिनी, ड्रॉवर उघडला. पाकीट आहे. मार्चमधलं.

गल्लीतला_बाळू
७ डिसेंबर, दुपारी २:१०

आईला इकडं गृहलक्ष्मीचे दोन हजार मिळत असतील, सासूबाईंना तिकडं लाडक्या बहिणीचे दीड हजार. दोन राज्यांचं सरकार घरात येतंय, आणि जर्मनीचं पाकीट ड्रॉवरमध्ये!

निपाणी_ते_शारजा
७ डिसेंबर, दुपारी ४:३०

आमच्याकडे आखातात वेगळं. इथं जन्मलं तरी नागरिकत्वाचा प्रश्नच येत नाही, भारतीय पासपोर्ट एवढीच एक वाट. आणि इथली मुदत वर्षाची नाही, १२० दिवसांची. तेवढ्यात बाळाचा रेसिडेन्स व्हिसा लागला नाही तर दंड सुरू, वर देशाबाहेर नेता येत नाही. व्हिसाला पासपोर्ट हवा, पासपोर्टला जन्मदाखला. त्यामुळे लोक दवाखान्यातून घरी यायच्या आधीच धावपळ सुरू करतात. कुटुंब आणायला पगार ४,००० दिरहॅम किंवा ३,००० आणि राहायची सोय, ही अट बाळालाही लागू. भत्ता वगैरे विचारू नका, इथं शाळेची फी बघून डोळे पांढरे होतात.

कागदवाला_टिळकवाडी
७ डिसेंबर, रात्री ८:१०

आता 'ज्ञ'. मूळ दुखणं हे आहे. मराठी माणूस 'द्न्य' म्हणतो म्हणून डी-एन-वाय लिहितो. कन्नडमध्ये हेच अक्षर ज आणि ञ असं धरून जे-एन लिहितात. दोघंही आपापल्या जागी बरोबर. सीमेवरच्या माणसाचा जन्म एका लिपीत, शाळा दुसऱ्या लिपीत, पासपोर्ट तिसरीत, आणि प्रत्येक ठिकाणी कारकुनानं कानाला लागेल तसं लिहिलेलं. शिवाय आपल्याकडे आद्याक्षरांची पद्धत. दहावीच्या कार्डावर नुसतं 'जे', पुढे त्याचं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

लोक काय करतात? स्टॅम्पपेपरवर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं नोटरीकडून करून घेतात आणि विजयी मुद्रेनं बाहेर पडतात. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी खपतं. जर्मन कचेरी त्याला फारशी किंमत देत नाही, कारण ती आपली आपणच दिलेली ग्वाही. मूळ नोंद दुरुस्त करणं हा खरा उपाय. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९, कलम १५: नोंदीत चूक असेल तर निबंधक ती दुरुस्त करू शकतो. मूळ अक्षर खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख करतात. अर्ज तुमच्या वडिलांनीच करावा, नाव त्यांचं आहे. सोबत त्यांचा आधार, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारासारखा जुना उतारा जे असेल ते.

अपोस्टिलबद्दल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारायच्या सरकारी शिक्क्याबद्दल, कोणीतरी सल्ला देईलच, म्हणून आधीच सांगतो. भारत २००५ पासून त्या शिक्क्याच्या करारात आहे, पण जर्मनीनं भारताच्या बाबतीत हरकत घेतलेली आहे. त्यामुळे तो शिक्का मारला म्हणून तिथली कचेरी कागद मानायला बांधील नाही. शंका आली तर ते भारतातल्या त्यांच्या वकिलातीमार्फत कागद पडताळून घेतात, म्हणजे इथं माणूस पाठवून चौकशी. आमच्या गल्लीत असा एकजण फाईल घेऊन आला होता. दुकानात, देवळापाशी विचारत फिरला, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की अमक्याच्या पोराला स्थळ बघायला आलेत.

मळेकरी
८ डिसेंबर, सकाळी ६:२०

विषय निघालाच आहे तर विचारतो. मुलगा न्यू जर्सीत आहे, अजून भारतीय पासपोर्टवर. नातू तिथं जन्मला, त्याचा पासपोर्ट अमेरिकेचा, इकडचं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड, आहे. हुक्केरीकडं चार एकर ऊस आहे. त्यातले दोन एकर हयातीतच नातवाच्या नावानं बक्षीसपत्र करून टाकावं असं मनात आहे. काय करावं?

कागदवाला_टिळकवाडी
८ डिसेंबर, सकाळी ८:००

करू नका. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. मुलगा परदेशात राहणारा, म्हणजे भारतीय पासपोर्ट असला तरी त्यालाही तोच नियम. घर, फ्लॅट, बिगरशेती प्लॉट चालतो. वारसा मात्र दोघांनाही मिळतो, शेतजमिनीचासुद्धा. म्हणजे तुमच्यामागे त्यांच्याकडे जायला हरकत नाही, तुमच्या हातानं आज द्यायला आहे. वारसाचे कागद मात्र चांगल्या वकिलाकडून करून घ्या. आणि मळेकरी, एवढी घाई कसली?

मळेकरी
८ डिसेंबर, सकाळी ८:१५

घाई नाही. पण पोरगं व्हिडिओवर ट्रॅक्टर बघितल्याशिवाय जेवत नाही, म्हणून वाटलं.

लीड्सचा_पाव्हणा
८ डिसेंबर, दुपारी ३:००

इंग्लंडचं थोडक्यात. वर्क व्हिसावर असताना बाळ झालं तर ते ब्रिटिश नसतं. आईबापांपैकी एकाला कायमचा वास्तव्य-परवाना मिळाला की मग त्याची ब्रिटिश म्हणून नोंद करता येते. तोवर इथंच असेल तर व्हिसा नसला तरी चालतं, पण एकदा देशाबाहेर गेलं की परत यायला डिपेंडंट व्हिसा लागतो. इथं लोक फसतात. चाइल्ड बेनिफिट आम्हाला नाही, व्हिसावर 'सरकारी निधीचा आधार नाही' असं छापलेलंच असतं. बाळंतपणाचा पगार मात्र त्यात मोडत नाही. तो नोकरीचा हक्क आहे, ३९ आठवडे, पहिल्या सहा आठवड्यांना ९० टक्के. माझ्या बायकोनं भीतीनं मागितलाच नव्हता, मैत्रिणीनं सांगितलं म्हणून मिळाला.

चंदगडचा_जावई
८ डिसेंबर, रात्री १०:३०

दोन्ही अर्ज काल रात्री भरले. वहिनी, तुमचे उपकार. आता मोठा प्रश्न. ऑफिसातला एकजण म्हणतो, पासपोर्टला वेळ लागत असेल तर कॉन्सुलेटकडून तातडीचा प्रवास-कागद घे, बाळाला घेऊन जा, परतीचं तिकडं गेल्यावर बघू. साठीशांत १८ जानेवारीला आहे.

हॅम्बुर्गची_वहिनी
८ डिसेंबर, रात्री १०:४१

नको! तो कागद एकतर्फी असतो, फक्त भारतात पोचण्यापुरता. परत येताना बाळाला नवा पासपोर्ट आणि जर्मन व्हिसा, दोन्ही तिकडून. चंदगडवाल्यांना मुंबई, पण खानापूरचा पत्ता म्हणजे जर्मन कॉन्सुलेट बेंगळूरचं, पाचशे किलोमीटर. तुम्ही ब्लू कार्डावर परत याल, आई आणि पोर तिथं अडकतील. बाळाच्या वास्तव्य-परवान्याचा अर्ज केलात का? जन्मापासून सहा महिन्यांत करायचा असतो.

चंदगडचा_जावई
८ डिसेंबर, रात्री १०:५०

तो मेमध्येच ई-मेलनं केला होता. 'पासपोर्ट आला की या' असं उत्तर आलंय.

हॅम्बुर्गची_वहिनी
८ डिसेंबर, रात्री १०:५५

हुश्श. एक तरी गोष्ट वेळेत केलीत. ते उत्तर छापून ठेवा.

शहापूरची_आक्का
९ डिसेंबर, सकाळी १०:००

सगळे कागदाचंच बोलताय. लशीचं कुणी बघितलं का? माझ्या भाचीचं बाळ असंच जर्मनीतून आलं. दंडावर बीसीजीची खूण नाही म्हणून तिची सासू घाबरी झाली. तिकडं ती लस सरसकट देतच नाहीत, आपल्याकडं जन्मल्या जन्मल्या देतात आणि सरकारी कार्यक्रमात वर्षाच्या आतच. येणार असाल तर तिकडची पिवळी पुस्तिका बरोबर आणा आणि इथल्या डॉक्टरला आधी दाखवा. आणि साठीशांत काय, आबांना एकसष्टी करू म्हणावं. पोरीला हिवाळ्यात दोन विमानं बदलून आणू नका.

हलशीचा_संजू
९ डिसेंबर, रात्री ९:२०

माझा प्रश्न उलटा आहे. आम्ही मस्कतहून कायमचे परत आलोय, महिना झाला. बाळाचा जन्म तिकडच्या वकिलातीत नोंदवायचा राहिला. इथं नोंद होते का?

कागदवाला_टिळकवाडी
१० डिसेंबर, सकाळी ९:००

होते, पण तुमच्याही डोक्यावर घड्याळ आहे. त्याच १९६९ च्या कायद्याचं कलम २०: वकिलातीत नोंद झालेली नसेल आणि आईबाप स्थायिक व्हायला परत आले असतील, तर बाळ भारतात आल्यापासून ६० दिवसांत इथं जन्म नोंदवता येतो. महिना गेलाय म्हणता, म्हणजे निम्मे दिवस संपले. उद्याच जा. पण ही जन्माची नोंद झाली. नागरिकत्वाच्या एक वर्षाच्या नोंदीचं त्यानं भागत नाही, ते वेगळं विचारून घ्या.

बाळाचा जन्म १ ऑक्टोबर २०२३ चा किंवा त्यानंतरचा असेल तर जन्मदाखला हाच शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्माचा पुरावा झालाय. त्यामुळे नाव लिहितानाच तीनदा वाचा, मोठ्यानं. कारकुनालाही वाचायला लावा.

चंदगडचा_जावई
२२ जानेवारी २०२६, रात्री ९:४५

बरेच दिवस लिहिलं नाही. सांगण्यासारखं आता झालंय.

आबा स्वतः तालुक्याला गेले. मी म्हणालो होतो चुलतभावाला पाठवतो, तर म्हणाले नाव माझं आहे. पहिल्या दिवशी 'उद्या या', दुसऱ्या दिवशी सर्व्हर बंद. तिसऱ्या दिवशी खिडकीत एक तरुण कन्नड मुलगा होता. आबांचं कन्नड बाजारापुरतं, त्याचं मराठी तेवढंच. आबांनी पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात 'ज्ञ' काढला. त्यानं खाली कन्नडमधला काढला. मग दोघांनी आपापला उच्चार करून दाखवला, आणि तो म्हणाला, "आजोबा, अक्षर तेच आहे की!" समासात दुरुस्ती, सही, शिक्का. नवा दाखला त्याच आठवड्यात हातात आला. तो पाठकोरा कागद आबांनी फाईलमध्ये लावून ठेवलाय.

म्युनिकला १४ तारखेला गेलो होतो. उतारा चालला. कागदवाले काका म्हणाले तसं राजपत्र नेलं होतं, ते कुणी मागितलंसुद्धा नाही. जन्मनोंद झाली, पासपोर्टचा अर्जही घेतला. किंडरगेल्डचे जूनपासूनचे जमा झाले. साठीशांत आम्ही मोबाईलवर बघितली. गुरुजींनी मध्येच 'आवाज येतोय का' विचारलं.

गल्लीतला_बाळू
२२ जानेवारी, रात्री ९:५०

आणि त्या बाईंचा शेरा?

चंदगडचा_जावई
२२ जानेवारी, रात्री १०:०२

अजून आहे. दुरुस्त दाखल्याचं भाषांतर दिलंय. कन्नडवरून जर्मन करणारा शपथबद्ध भाषांतरकार शोधण्यातच तीन आठवडे गेले, शेवटी इंग्रजी भागावरून करून घेतलं. राजपत्रही तिथंच लावलं. बाई म्हणाल्या बघते. पेन्सिलीचे दोन गोल मात्र माझ्यासमोर खोडले.

हॅम्बुर्गची_वहिनी
२३ जानेवारी, सकाळी ८:१०

पासपोर्ट आला की लगेच परवान्याची वेळ घ्या, कार्ड छापून यायला आठवडे लागतात. तोवर तिकीट काढू नका. पोरीला आधार हवं असेल तर तिकडं गेल्यावर मिळेल, पाच वर्षांखालचं निळं, बोटांचे ठसे घेत नाहीत. पण परदेशी राहणाऱ्या मुलाला ओळख म्हणून भारतीय पासपोर्टच लागतो, तो बरोबर घ्यायला विसरू नका.

चंदगडचा_जावई
२ एप्रिल २०२६, सायंकाळी ६:३०

पासपोर्ट आला, कार्डही आलं. वडिलांच्या नावापाशी अक्षरं बघितली, एकेक, बोट ठेवून. बरोबर आहेत. तिकिटं १७ तारखेची, म्युनिक ते मुंबई. पुढे बेळगावजवळच्या सांबऱ्याचं विमान जुळत नाही म्हणून रात्रीची बस. आबा रोज फोन करून विचारतात, बसमध्ये पोरीसाठी वेगळी सीट काढायला लागते का. कुणाला माहीत असेल तर सांगा.